चित्रकाराचा थोरला भाऊ

आमच्या रूमच्या खिडकीशेजारी भिंतीवर एक पोस्टर चिकटवलेलं आहे. आमच्या आधी इथे राहणाऱ्या मेकॅनिकलच्या सिनियरने ते लावलं आणि जाताना तसंच सोडलं, कारण काढायला गेलं की भिंतीचा पोपडाही सोबत येतो. चित्रात एक धबधबा आहे. पाणी चाकावर पडतं, चाक फिरतं, पाणी दगडी पाटातून नागमोडी वाहत जातं आणि वाहता वाहता परत धबधब्याच्या माथ्यावर जाऊन पोचतं! फर्स्ट इयरला हे बघून नुसती गंमत वाटायची. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स आलं तेव्हा मी आणि रूममेट रात्री दीड वाजता त्या पाटाला उतार नक्की कुठल्या बाजूला आहे यावर भांडलो. चित्रकार मौरित्स एशर, देश हॉलंड, साल १९६१. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मी लिहिणार आहे ते त्याच्या थोरल्या भावाबद्दल, आणि तो भाऊ मला भेटला एका फसलेल्या व्हायवामुळे.

व्हायवा इंजिनियरिंग जिऑलॉजीचा. ट्रेमध्ये वीसेक दगड, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर. आता मित्रांनो, आपण दगड पाठ करतो म्हणजे काय करतो ते तुम्हालाही माहीत आहे. आपण नंबर पाठ करतो. त्या दिवशी ट्रे बदललेला होता. माझ्या हातात आला एक करडा, ओबडधोबड गोळा. बारीक मळकट भुकटीत कोनेदार खडे रुतलेले. मी तो चार वेळा फिरवला आणि शेवटी हे काँक्रीट आहे असं सांगून टाकलं. मागची बॅच खोखो हसली. सर हसले नाहीत. तो ज्वालामुखीय ब्रेशिया होता, आपल्याच दख्खनच्या बसाल्टमध्ये सापडणारा. पण सरांनी मला वेगळंच विचारलं. काँक्रीट म्हणतोस तर डोंगरात ते ओततं कोण? अर्थात मला काही सुचलं नाही. जाताना त्यांनी जर्नलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन शब्द लिहिले. लाहार आणि एशर. मी विचारलं की एशर म्हणजे तो पोस्टरवाला का? सर म्हणाले त्याचा भाऊ, लायब्ररीत जा.

लायब्ररीत गेलो. (मेसला त्या दिवशी दुधी होता, हेही एक कारण.)

तर बेरेंड जॉर्ज एशर. जन्म ४ एप्रिल १८८५, हॉलंडमधल्या खोरिन्खेम गावी. वडील जॉर्ज आर्नोल्ड एशर हे सिव्हिल इंजिनियर, म्हणजे आपल्याच जातकुळीतले, आणि तेही नद्या आणि बंदरांचं काम करणारे. मुलं व्हायच्या आधी, १८७३ मध्ये, जपान सरकारच्या बोलावण्यावरून ते जपानला गेले आणि पाच वर्षं राहिले. सोबत योहानिस द रेके हा दुसरा डच माणूस होता. ओसाकाची योदो नदी, मिकुनीच्या बंदराचा बांध ही त्यांची तिथली कामं. जपानच्या नद्यांचं दुखणं असं होतं, की डोंगर उघडे पडलेले, पावसाळ्यात सगळी माती-वाळू खाली येऊन नदीचं पात्र भरून टाकायची. पात्र उंचावलं की पूर गावात. नदी दुरुस्त करायची तर आधी डोंगरावर जा, ही गोष्ट तिथे या डच मंडळींनी पुरती ओळखली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बेरेंड यांचं बालपण बरंचसं स्वित्झर्लंडमध्ये गेलं, कारण आई तिकडची. वडिलांच्या दुसऱ्या लग्नातून १८९८ मध्ये मौरित्स झाला, पाच भावांत सगळ्यात धाकटा. म्हणजे चित्रकार आणि आपले बेरेंड हे सावत्र भाऊ, दोघांत तेरा वर्षांचं अंतर. (धाकट्याला मी अरे-तुरे करतोय, थोरल्याला अहो-जाहो. पोस्टर रोज बघतो त्यामुळे धाकट्याशी सलगी झाली आहे.)

बेरेंड झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये जिऑलॉजी शिकले. गुरू मिळाले आल्बर्ट हाइम. हाइम म्हणजे दरडींचा माणूस. १८८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या एल्म गावावर पाटीच्या दगडाची खाण असलेला डोंगर कोसळला, ११५ माणसं गेली. हाइम यांनी त्या दरडीचा अभ्यास करून ती कशी सुटली, कशी पसरली आणि कुठे थांबली हे मांडलं. खाली पडलेला ढिगारा बघून वर काय घडलं ते सांगायचं, ही विद्या बेरेंड यांनी अशा माणसाकडून घेतली. १९११ मध्ये डॉक्टरेट, मग ॲमस्टरडॅमला युजीन द्युब्वा यांच्या हाताखाली काम. (जावा मानवाची कवटी शोधणारे ते हेच.) नंतर डेल्फ्टच्या टेक्निकल विद्यापीठात दगडांच्या संग्रहाचं काम. म्हणजे आमच्या ट्रेसारखे ट्रे सांभाळायचे, फक्त कितीतरी पट जास्त. आणि १९१६ मध्ये तेलकंपनीची नोकरी धरून ते डच ईस्ट इंडीजला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला गेले. तिथे त्यांना पगार तेलासाठी मिळत होता, पण मन गेलं ज्वालामुखींकडे. कॅम्पसमधून एका कंपनीत लागून भलत्याच गोष्टीच्या नादी लागलेले सिनियर आपल्यालाही माहीत आहेत.

आता पूर्व जावातला केलूत हा डोंगर बघू. उंची फक्त १७३१ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडासाच जास्त. पण याच्या माथ्यावर खोलगट विवर आणि विवरात तळं. अवतीभवती ब्लितार, केदिरी अशी गच्च वस्तीची गावं, भातशेती, ऊस. आणि ब्रांतास नावाची नदी या सगळ्या डोंगररांगेला अक्षरशः प्रदक्षिणा घालून मग समुद्राकडे जाते. त्यामुळे केलूतवरून जे काही उतरेल त्यातलं बरंचसं शेवटी ब्रांतासच्याच पदरात पडतं.

तिथे एक जुनी गोष्ट सांगतात. एका राजकन्येशी लग्न करायला बैलाच्या तोंडाचा एक वीर येतो. तिला तो नको असतो, म्हणून ती त्याला डोंगराच्या माथ्यावर विहीर खणायला लावते आणि तो आत उतरला की वरून धोंडे लोटून त्याला गाडून टाकते. मरताना तो शाप देतो की केदिरीची नदी होईल, ब्लितारचं अंगण होईल आणि तुलुंगआगुंगचा डोह होईल. मला ही गोष्ट वाचून आधी आपल्याकडच्या शापांसारखीच वाटली. मग नकाशा काढला आणि चाट पडलो. हा शाप नाही, हा हजार्ड मॅप आहे! कुठे वाहून जाणार, कुठे गाळ पसरून सपाट होणार, कुठे पाणी तुंबणार. ज्यांनी ती रचली त्यांनी हे कधी ना कधी बघितलेलं असणार.

१९१९ मध्ये १९ मेच्या मध्यरात्रीनंतर केलूत फुटला. तळ्यात त्या वेळी सुमारे ४ कोटी घनमीटर पाणी होतं. आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून हिशोब केला, तर तो दीड टीएमसीला थोडा कमी येतो, म्हणजे खडकवासला धरणात जेवढं वापरण्याजोगं पाणी मावतं त्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. ते सगळं डोंगराच्या टोकावरून एकाच दणक्यात बाहेर फेकलं गेलं. वाटेत राख, वाळू, धोंडे, झाडं, शेतं असं जे भेटेल ते उचलत ते ओढ्यांतून खाली आलं आणि ३८ किलोमीटरपर्यंत गेलं. शंभरावर गावांची नासधूस झाली. पाच हजारांहून जास्त माणसं मेली, बहुतेक झोपेतच असणार. स्थानिक लोकांकडे या प्रकाराला शब्द होता, लाहार. गरम आला तर लाहार पानास, पावसाने जुनी राख धुऊन आणली तर थंड, म्हणजे लाहार दिंगिन.

आता इथे मी जरा थांबतो, कारण सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. लाहार म्हणजे पूर नव्हे. पुराच्या पाण्यात माती असते, लाहारमध्ये मातीत पाणी असतं. आकारमानाने साठ टक्क्यांच्या वर दगड-माती झाली की तो पदार्थ पाण्यासारखा वागतच नाही. स्लम्प कोन उचलल्यावर ताजं काँक्रीट कसं बसतं, तसा तो वागतो. पाण्याची घनता १००० किलो प्रति घनमीटर, याची २००० च्या आसपास जाऊ शकते. म्हणून खोलीएवढे धोंडे यात बुडत नाहीत, वाहतात. तीव्र उतारावर वेग एखाद्या एसटीएवढा. सगळ्यात पुढे धोंड्यांचं तोंड, मागे पातळ होत जाणारी शेपटी. आणि वाटेत काठ खरवडत आल्यामुळे खाली येता येता त्याचं आकारमान कमी होण्याऐवजी वाढतं. आपण हायड्रॉलॉजीत पुराचा माथा खाली जाताना बसका होतो असं शिकतो, इथे उलटंही होऊ शकतं.

मग तो सपाटीवर येतो, पसरतो आणि थांबतो. साधी नदी थांबताना निवडून टाकते. आधी गोटे, मग वाळू, मग गाळ. लाहार निवडत बसत नाही, सगळं एकत्रच टाकतो. धोंड्याशेजारी वाळू, वाळूशेजारी चिखल, थर नाहीत, क्रम नाही. वाळल्यावर दिसतं ते हुबेहूब काँक्रीट. तोच लाहार पुढे नदीच्या पाण्यात मिसळून पातळ झाला की साठाहून कमी टक्क्यांचा होतो आणि मग त्याच्या गाळात अंधूक थर दिसू लागतात, आणखी खाली तो नुसता गढूळ पूर उरतो. म्हणजे एकाच रात्रीचे पुरावे वर एक आणि खाली दुसरे. फक्त खालचा गाळ बघणाऱ्याला वाटेल की पूर येऊन गेला बुवा.

मी सरांना नंतर विचारलं की २०१४ मध्ये माळीणला झालं तेही हेच का. ते म्हणाले की भिजलेला डोंगर सुटून चिखल-धोंड्यांसकट गावावर येणं हे जवळचंच, पण जिता ज्वालामुखी नाही, त्याची ताजी राख नाही, म्हणून त्याला लाहार म्हणायचं नाही. शब्द जपून वापरायला हवा.

आणि हा शब्द जपून वापरण्याची कथा खुद्द बेरेंड यांच्याच बाबतीत मोठी गमतीची आहे. १९२२ मध्ये त्यांचा एक लेख ॲमस्टरडॅमच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात इंग्रजीत छापून आला. लाहार हा जावानी शब्द जगभरच्या जिऑलॉजीत रुजला तो या लेखापासून असं मानतात. पण लेख केलूतवर नव्हता. तो होता थेट अलास्कावर! तिकडे जून १९१२ मध्ये एक प्रचंड उद्रेक झाला होता. त्यानंतर तिथली एक आख्खी दरी कशाने तरी भरून सपाट झाली होती आणि जमिनीतून हजारो ठिकाणी वाफा निघत होत्या, म्हणून तिला दहा हजार धुरांची दरी म्हणू लागले. ती कशाने भरली यावर वाद चालू होता. एशर यांनी बाजू घेतली की हा गरम लाहार आहे, जावातल्यासारखाच.

ते चुकले होते. आज आपल्याला माहीत आहे की ती दरी चिखलाने भरलेली नाही. तापलेली राख आणि वायू यांचा ढग जमिनीलगत वाहत आला आणि त्याने ती भरली. त्यात वाहून नेणारं पाणी नव्हतंच. म्हणजे ज्या लेखाने जगाला लाहार हा शब्द दिला, त्या लेखातला लाहार हा लाहारच नव्हता! माझा तो दगड आठवून मला फार बरं वाटलं हे कबूल करतो.

पण चूक हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. हे दोन्ही प्रकार दरीच भरतात, दोन्ही निवडानिवड न करता सगळं एकत्र टाकतात. वेगळे ओळखायचे तर बारकावे लागतात. आतलं लाकूड जळून कोळसा झालंय की नुसतं चिखलात पुरलं गेलंय, घट्ट झालेल्या चिखलात अडकलेल्या हवेचे बुडबुडे आहेत का, आणि आता तर दगडांतल्या चुंबकत्वावरूनही तो थांबला तेव्हा किती तापलेला होता ते काढतात. १९२२ मध्ये यातलं बरंचसं नव्हतं, आणि हॉलंड ते अलास्का हे अंतरही काही पुणे-मुंबई नव्हे.

तीन वर्षांनी त्यांनी दुसरा ढिगारा वाचला, आणि तो बरोबर वाचला. पश्चिम जावात तासिकमलायाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याशी हजारो छोट्या टेकड्या पसरलेल्या आहेत, भाताच्या खाचरांतून वर आलेल्या. तिकडे त्यांना दहा हजार टेकड्याच म्हणतात. १८२२ मध्ये या डोंगरावरून लाहार येऊन चार हजारांवर माणसं मेली होती, त्यामुळे या टेकड्यांचा संबंध लाहारशी जोडायचा मोह कुणालाही झाला असता. शिवाय आपल्या माणसाने तर नुकताच तो शब्द जगाला दिलेला! पण १९२५ च्या लेखात त्यांनी सांगितलं की हे लाहारचं काम नाही, इतिहासपूर्व काळात डोंगराची बाजूच कोसळली, ती ही दरड. झुरिकला हाइम यांच्याकडे शिकलेलं इथे कामी आलं असं मला तरी वाटतं. आजही हेच मत मानलं जातं. स्वतःचा लाडका शब्द बाजूला ठेवणं सोपं नसतं. आम्ही फायनल इयर प्रोजेक्टला एकदा नाव दिलं की निष्कर्ष त्या नावाप्रमाणे वळवतो.

१९२२ पासून ते लायडन विद्यापीठात प्रोफेसर आणि तिथल्या भूशास्त्र संग्रहालयाचे प्रमुख होते. १९५५ पर्यंत तिथेच. त्यांच्याकडे शिकलेला आणि त्यांचा असिस्टंट असलेला फिलिप क्यूनेन पुढे समुद्राखाली वाहणाऱ्या गढूळ प्रवाहांवर टाकीत प्रयोग करून जगप्रसिद्ध झाला. गाळ घेऊन उतारावरून धावणारं पाणी, फक्त समुद्राच्या पोटात.

आणि धाकटा भाऊ? त्याची शाळेपासून गणिताशी दुश्मनी. आर्किटेक्चरला घातला, तिथूनही चित्रकलेकडे वळला. १९३६ मध्ये स्पेनच्या आल्हंब्रा राजवाड्यातल्या फरशांच्या नक्ष्या उतरवून आणल्या आणि पक्षी, मासे, सरडे एकमेकांत फट न सोडता बसवायचं वेड घेतलं. १९३७ मध्ये आईवडिलांच्या घरी त्याने ही चित्रं थोरल्याला दाखवली. घरच्या बाकीच्यांनी कौतुक केलं असेल. थोरल्याने मात्र ओळखलं की हे स्फटिकशास्त्र आहे. स्फटिकांच्या जर्नलमधल्या लेखांची एक यादीच त्याने धाकट्याला दिली. त्यात पोल्या या गणितज्ञाचा १९२४ चा लेख होता, सपाट नक्षीचे सतरा प्रकार आकृत्यांसह दाखवणारा. मौरित्सला त्यातलं गणित झेपलं नाही, पण आकृत्या त्याने वहीत उतरवून घेतल्या आणि पुढे आयुष्यभर पुरवल्या. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या पोस्टरवाल्याला त्याच्या कामाचं शास्त्र दाखवून दिलं ते दगड ओळखणाऱ्या भावाने.

मधल्या युद्धाच्या वर्षांत जर्मनांनी लायडन विद्यापीठ बंद पाडलं होतं. युद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये ते पुन्हा उभं राहत असताना रेक्टर होते बेरेंड एशर. यावर पानभर लिहिता आलं असतं, पण मला केलूतवर परत जायचं आहे. तिथली गोष्ट अर्धी राहिली आहे आणि ती सिव्हिलवाल्यांची आहे.

१९१९ नंतर डच सरकारने दोन गोष्टी केल्या. १९२० मध्ये ज्वालामुखींवर नजर ठेवणारं खातं काढलं. आणि ठरवलं की डोंगर फुटणं आपल्या हातात नाही, पण तळ्यातलं पाणी तर आहे! म्हणून विवराच्या भिंतीतून सुमारे एक किलोमीटरचा बोगदा खणायचा आणि तळं रिकामं करायचं. कागदावर सोपं वाटतं. आत भुसभुशीत, गरम, कधीही ढासळणारं मटेरियल. काम चालू असताना चिखल-पाणी आत घुसून मजूर मेले. एकच बोगदा जमेना, तेव्हा वेगवेगळ्या उंचीवर सात बोगदे घेऊन पाणी टप्प्याटप्प्याने उतरवलं. १९२६ पर्यंत तळं २० लाख घनमीटरच्या आसपास आलं. चार कोटींवरून वीस लाख!

१९५१ मध्ये डोंगर पुन्हा फुटला. मेली सात माणसं. बोगद्यांनी काम केलं होतं. पण त्या उद्रेकाने विवराचा तळच खोल खणून काढला. बोगदे राहिले वर, पाणी साचायला लागलं खाली. जसं बाथरूमची जाळी फरशीपेक्षा वर बसली की होतं तसं. (आमच्या विंगमध्ये जाऊन प्रत्यक्ष पाहता येईल.) पाणी वाढत वाढत २ कोटी घनमीटरच्या वर गेलं. सगळ्यांना दिसत होतं. १९६६ मध्ये केलूत फुटला आणि लाहारमध्ये दोनशेहून जास्त माणसं गेली.

मग १९६७ मध्ये आणखी खाली नवीन बोगदा काढला. बेरेंड एशर त्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९६७ रोजी, आर्नहेमला वारले, वय ८२. धाकटा भाऊ त्यानंतर सुमारे साडेचार वर्षं जगला. १९९० च्या उद्रेकाच्या वेळी तळं लहान होतं, त्यामुळे तळ्याचा लाहार आला नाही. तिशीच्या आसपास माणसं गेली, ती बहुतेक राखेच्या वजनाने छपरं कोसळून. २०१४ मध्ये तर तळंच नव्हतं, २००७ मध्ये वर आलेल्या लाव्हाच्या घुमटाने ते जवळजवळ गिळून टाकलं होतं. नंतरच्या पावसात थंड लाहार मात्र आलेच. ते काही बोगद्याने थांबत नाहीत. ती राख ओढ्यांतून ब्रांतासमध्ये उतरते, पात्र उंचावतं, पुलाखालची जागा कमी होते, कालवे भरतात आणि डोंगर शांत झाल्यावरही पूर वर्षानुवर्षं येत राहतात. त्यासाठी ओढ्यांवर गाळ अडवणारे बंधारे बांधतात. त्यांना इंडोनेशियातही साबो म्हणतात, जपानी शब्द, म्हणजे वाळूपासून रक्षण. जपानी इंजिनियरांनीच ते तिथे नेले. जॉर्ज एशर १८७३ मध्ये ज्या दुखण्यावर काम करायला जपानला गेले होते त्याचंच हे औषध, मुलाने नाव दिलेल्या संकटावर.

केलूतच्या आकड्यांसमोर मला कोलंबियातलं आर्मेरो ठेवावंसं वाटतं. नेवादो देल रुईस हा बर्फाच्छादित ज्वालामुखी. १८४५ मध्ये त्याच्यावरून लाहार येऊन लागुनिया नदीच्या तोंडाशी पसरला. पन्नासेक वर्षांनी त्याच सुपीक, सपाट जागेवर आर्मेरो वसलं. मित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी, नदी बाहेर पडते तिथे, एवढी छान सपाट जमीन आली कुठून हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसेल का? ऑक्टोबर १९८५ मध्ये हजार्ड मॅप तयार झाला, त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात होतं. १३ नोव्हेंबरला रात्री नऊनंतर उद्रेक झाला. माथ्यावरच्या बर्फापैकी फक्त दहाएक टक्के वितळलं, पण दरीतून येता येता लाहारचं आकारमान काही ठिकाणी चौपट झालं. अंतर ७४ किलोमीटर, वेळ लागला अडीच तास. अडीच तास! चालत टेकडीवर जायला पुरेसे होते. गावातली वीस हजारांहून जास्त माणसं मेली. ज्यांनी तो नकाशा काढला त्यांच्याकडे शब्द होता, गाळाचे पुरावे होते, आकडे होते. हे वाचलं त्या रात्री मी आणि रूममेट पोस्टरसमोर बसून नेहमीसारखं भांडलो नाही.

ब्लितारमध्ये सुकर्णो यांची समाधी आहे, गाव नांदतं आहे. केलूतवरून येणाऱ्या ओढ्यांत लोक फावडी घेऊन उतरतात आणि लाहारची वाळू ट्रकमध्ये भरतात. चांगली, कोनेदार वाळू, बांधकामाला मागणी असलेली. घरं त्याच वाळूच्या काँक्रीटची.

हे मी सरांना जाऊन सांगितलं, की म्हणजे माझं उत्तर अगदीच चूक नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मार्क वाढवले नाहीत. पंचवीसपैकी अकरा.